टपालातून आलेला भूतकाळ

२२ जून १७९७ रोजी लंडनच्या सोसायटी ऑफ अँटिक्वेरीज या संस्थेत एक पत्र वाचून दाखवले गेले. ते जॉन फ्रियर या जमीनदाराने लिहिले होते. सफक परगण्यातल्या हॉक्सन गावी विटांसाठी माती खणताना मजुरांना सुमारे बारा फूट खोलीवर घडवलेले धारदार दगड सापडले होते. ही माणसाची हत्यारे आहेत, ती वापरणाऱ्यांना धातू ठाऊक नव्हता आणि त्यांचा काळ कल्पनेपलीकडे मागचा असावा, असे फ्रियरने कळवले. पत्र १८०० मध्ये संस्थेच्या नियतकालिकात छापले गेले, दगड कपाटात ठेवले गेले. पुढे जवळजवळ साठ वर्षे त्यांची विचारपूस कोणी केली नाही.

१८५९ च्या वसंतात कागद कारखानदार जॉन इव्हान्स आणि मद्यव्यापारी जोसेफ प्रेस्टविच फ्रान्सला गेले. प्रेस्टविच भूस्तरांचा अभ्यासक होता, इव्हान्स नाण्यांचा. ॲबव्हिल येथील जकात अधिकारी बूशे द पेर्त कित्येक वर्षे सांगत होता की, नामशेष प्राण्यांच्या हाडांबरोबर त्याला दगडी कुऱ्हाडी सापडतात. त्याचे कोणी मनावर घेत नव्हते. ह्यू फाल्कनर या जीवाश्मतज्ज्ञाने त्याआधी एका प्रवासात तो संग्रह पाहिला आणि प्रेस्टविचला पत्र लिहून तिकडे जाण्याची गळ घातली. २७ एप्रिलला आमियँजवळ थरात रुतलेल्या हातकुऱ्हाडीचे जागेवरच छायाचित्र घेतले गेले. लंडनला परतल्यावर इव्हान्सला सोसायटी ऑफ अँटिक्वेरीजच्या कपाटात अगदी तशीच हत्यारे दिसली. ती फ्रियरची होती. माणसाचे प्राचीनत्व बायबलच्या कालगणनेत मावत नाही, हे त्या वर्षी दोन विद्वत्सभांपुढे मांडले गेले आणि एका विसरलेल्या पत्राला साक्षीदाराचे मोल आले.

व्हिक्टोरियन काळातल्या जुन्या वस्तूंच्या नादाविषयी गेली काही दशके जो वाद चालू आहे, तो या एका प्रसंगात जवळजवळ पूर्ण सामावतो. शोध कोणाचा मानायचा? मजुराचा, पत्र लिहिणाऱ्याचा, की सभेत निबंध वाचणाऱ्याचा? हौशी माणसांच्या पत्रांतून ज्ञान घडले, की विद्यापीठांनी तो व्याप हाती घेईपर्यंत नुसती टिपणे साचत गेली?

एक पेनी आणि एक साप्ताहिक

या नादाला व्हिक्टोरियाच्या राज्यात जो पसारा लाभला, त्यामागे टपालखात्याचा एक निर्णय होता. त्याआधी पत्राचे टपालशुल्क अंतर आणि कागदांची संख्या पाहून ठरे आणि बहुधा ते पत्र घेणाऱ्याला भरावे लागे. त्यामुळे अनोळखी विद्वानाला पत्र टाकणे म्हणजे त्याला भुर्दंड लावणे होते. रोलंड हिलच्या खटपटीतून १० जानेवारी १८४० पासून अर्ध्या औंसापर्यंतच्या पत्राला देशभर एक पेनी असा दर झाला, मे महिन्यात चिकटवायचे तिकीटही आले. १८३९ मध्ये सुमारे ७ कोटी ६० लाख पत्रे गेली होती, १८४० मध्ये तो आकडा १६ कोटी ८० लाखांच्या घरात पोचला. खेड्यातला पाद्री, गावचा डॉक्टर, शाळामास्तर यांना आता कोणालाही काहीही विचारता येऊ लागले.

संस्थाही याच सुमारास उगवल्या. जुनी हस्तलिखिते छापणारी सरटीस सोसायटी १८३४ ची, कॅम्डन सोसायटी १८३८ ची. सरकारी दफ्तरे एका छताखाली आणणारा कायदा १८३८ चाच. चार्ल्स रोच स्मिथ, टॉमस राइट आणि अल्बर्ट वे यांच्या पुढाकाराने १८४३ च्या डिसेंबरात ब्रिटिश आर्किऑलॉजिकल असोसिएशन निघाली आणि दीड-दोन वर्षांतच भांडण होऊन तिची दोन शकले झाली. पाठोपाठ परगण्यापरगण्यांतून मंडळे निघत गेली.

पण या चळवळीचा खरा आरसा म्हणजे ३ नोव्हेंबर १८४९ रोजी विल्यम जॉन टॉम्सने सुरू केलेले ‘नोट्स अँड क्वेरीज’ हे साप्ताहिक. टॉम्स सरकारी कचेरीतला कारकून होता, पुढे हाउस ऑफ लॉर्ड्सच्या ग्रंथालयात गेला. ‘फोकलोअर’ हा शब्द त्याचाच. १८४६ मध्ये ‘ॲथेनियम’ला टोपणनावाने धाडलेल्या पत्रात तो पहिल्यांदा आला. आपल्या साप्ताहिकासाठी त्याने बोधवाक्य घेतले तेही डिकन्सच्या ‘डॉम्बी अँड सन’मधल्या एका दर्यावर्दी पात्राच्या तोंडचे. एकाने काही टिपून पाठवावे, दुसऱ्याने शंका विचारावी, तिसऱ्याने पुढच्या अंकात उत्तर द्यावे, अशी त्या साप्ताहिकाची साधी घडण होती. एखाद्या म्हणीचा उगम, चर्चमधल्या थडग्यावरची पुसट अक्षरे, कुळाच्या ढालीवरचे चिन्ह, पाळण्यातल्या गाण्याचे पाठभेद, सारे एकाच पानावर नांदे. लेखक आपले नाव देई किंवा नुसती आद्याक्षरे.

ही पडद्याआडून लिहिण्याची मुभा फार महत्त्वाची ठरली. सोसायटी ऑफ अँटिक्वेरीजने स्त्रियांना सदस्यत्व दिले ते १९२१ मध्ये. साप्ताहिकात मात्र ‘सेंट स्विदिन’ या नावाने एलायझा गच लिहीत होती. लोकपरंपरा गोळा करणारी स्वतंत्र संस्था हवी, ही सूचना तिने १८७६ मध्ये याच पानांतून केली आणि १८७८ मध्ये फोकलोअर सोसायटी उभी राहिली.

टॉम्सचे आणखी एक काम सांगायला हवे, कारण हौशी म्हणजे भोळा, या समजाला त्यातून छेद मिळतो. शंभरी ओलांडल्याच्या दाव्यांची त्याने नोंदवह्या आणि दाखले मागवून एकेक करून छाननी केली आणि १८७३ मध्ये ती ग्रंथरूपाने छापली. बहुतेक दावे टिकले नाहीत. वर्षानुवर्षे वाचकांची टिपणे तपासून अंगी आलेली शिस्त त्या पुस्तकात पानोपानी आहे.

चिठ्ठ्यांचे कोठार

पत्रांतून ज्ञान उभे राहू शकते, याचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे ऑक्सफर्डचा इंग्रजी शब्दकोश. १८५७ मध्ये फिलॉलॉजिकल सोसायटीने जुन्या कोशांतून सुटलेले शब्द गोळा करायला समिती नेमली. वाचकांनी जुनी पुस्तके वाचावीत, शब्द जिथे आढळेल ते वाक्य चिठ्ठीवर उतरवावे आणि पाठवून द्यावे, अशी योजना होती. उत्साह होता, व्यवस्था नव्हती. १८७९ मध्ये जेम्स मरे संपादक झाला तेव्हा त्याच्या दारात जवळजवळ दोन टन चिठ्ठ्या येऊन पडल्या. एका पोत्यात मेलेला उंदीर निघाला. ‘एच’ अक्षराचा भाग फ्लॉरेन्समध्ये होता, ‘पा’ने सुरू होणाऱ्या शब्दांचे काही तुकडे आयर्लंडमधल्या एका तबेल्यात मिळाले.

मरेने आवाहनपत्रक काढून एक हजार वाचक मागितले. त्याने अंगणात पत्र्याची खोली बांधली आणि भिंतीभर खण केले. १८८५ मध्ये तो ऑक्सफर्डला राहायला गेला तेव्हा टपालखात्याने त्याच्या घरासमोर पत्रपेटीच बसवली. शिंप्याचा हा मुलगा चौदाव्या वर्षी शाळा सोडून बाहेर पडला होता. ज्यांच्यावर तो विसंबला त्यांतही विद्यापीठाबाहेरची माणसे पुष्कळ होती. विल्यम मायनर हा अमेरिकन लष्करी डॉक्टर खुनाच्या खटल्यानंतर ब्रॉडमूरच्या मनोरुग्णालयात बंदिस्त होता आणि तिथून हजारो अवतरणे धाडत होता. काशीला राहून आलेला संस्कृतज्ञ फिट्झएडवर्ड हॉल सफकमधल्या खेड्यात बसून मुद्रिते तपासत होता. पहिला भाग १८८४ मध्ये निघाला, कोश पूर्ण झाला १९२८ मध्ये. एकूण चिठ्ठ्या पन्नास लाखांवर गेल्या.

सारा ओगिल्वी यांना ऑक्सफर्डच्या दफ्तरात मरेच्या पत्त्यांच्या वह्या सापडल्या. त्यांवरून सुमारे तीन हजार साहाय्यकांचा माग घेऊन त्यांनी २०२३ मध्ये पुस्तक लिहिले. एरवी हा कोश मरेच्या नावाने ओळखला जातो. या वह्यांनी त्याच्यामागची गर्दी पुढे आणली.

पाकीट उघडण्याची पद्धत

पत्रांवर उभ्या राहिलेल्या ज्ञानाला एक धोका कायम असे. लिहिणारा दूर, वस्तू त्याहून दूर. मग विश्वास कशावर ठेवायचा? या अडचणीवर त्या पिढीने शोधलेले काही उपाय आजही थक्क करतात.

मेसोपोटेमियाची कीलाकार लिपी खरोखर उलगडली आहे का, याविषयी १८५७ पर्यंत दाट शंका होती. तेव्हा छायाचित्रणाच्या जनकांपैकी एक असलेल्या हेन्री फॉक्स टॅलबटने असीरियाचा राजा तिग्लाथ-पिलेसर पहिला याच्या एका लेखाचे आपले भाषांतर सीलबंद करून रॉयल एशियाटिक सोसायटीकडे दिले. तोच लेख हेन्री रॉलिन्सन, एडवर्ड हिंक्स आणि ज्यूल ओपेर यांनीही वेगवेगळा लावला. समितीने पाकिटे फोडली, ओळी शेजारीशेजारी ठेवल्या. रॉलिन्सन आणि हिंक्स यांची वाचने सर्वांत जवळची निघाली, बाकीच्यांचाही मथितार्थ जुळला. यातला हिंक्स आयर्लंडच्या किलिली गावचा पाद्री होता. मेसोपोटेमिया त्याने डोळ्यांनी पाहिला नाही. छापील प्रती आणि पत्रे एवढीच त्याची सामग्री. १८२७ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत मुंबईला उतरलेल्या रॉलिन्सनचे नाव पुढे गाजले, हिंक्सचे मागे पडले. त्याच्या पत्रव्यवहाराचे तीन खंड अलीकडे छापले गेल्यावर हा हिशेब अभ्यासक नव्याने मांडू लागले आहेत.

याच्या उलट बाजूचे उदाहरणही त्याच सुमाराचे. १८५७ पासून टेम्सच्या गाळात वस्तू शोधणारे विल्यम स्मिथ आणि चार्ल्स ईटन हे दोन निरक्षर तरुण शिशाची ‘मध्ययुगीन’ पदके विकू लागले. त्यांवर अकराव्या शतकाच्या तारखा असत, त्याही त्या काळी युरोपात प्रचारात नसलेल्या अंकांत. हेन्री सायर कमिंगने त्यांना नकली ठरवले. रोच स्मिथसारख्या मुरलेल्या जाणकाराने खरी मानली. १८५८ मध्ये गिल्डफर्डला अब्रुनुकसानीचा खटला उभा राहिला, तरी पदके खरी की खोटी हा वाद मिटला नाही. १८६१ मध्ये चार्ल्स रीडने मूळ कारागिरांपर्यंत जाऊन साचेच पुढे आणले. ॲबव्हिललाही बक्षिसाच्या आशेने मजुरांनी दगड पुरून ठेवले आणि १८६३ मध्ये तिथल्या एका मानवी जबड्यावरून इंग्रज व फ्रेंच पंडितांत जुंपली.

या फसवणुकींकडे पाहून हौशी मंडळींना हसणे सोपे आहे. पण नकली पदके ओळखणारा कमिंग आणि साचे शोधणारा रीड हेही त्याच वर्तुळातले होते. चूक आणि दुरुस्ती दोन्ही एकाच जाळ्यातून आल्या, ही गोष्ट जुन्या इतिहासकारांनी पुरेशी नोंदवली नाही असे वाटते.

अभ्यासकांत तीन वाटा

पहिली वाट जुनी आहे आणि तिची मुळे साहित्यात आहेत. वॉल्टर स्कॉटने १८१६ मध्ये जुन्या वस्तूंच्या नादिष्टावर कादंबरीच लिहिली. डिकन्सच्या पिकविकला एका दगडावर अक्षरे दिसतात, तो त्यांची २७ वाचने देणारी पुस्तिका काढतो आणि १७ संस्था त्याला मानद सभासद करून घेतात. अक्षरे असतात एका साध्या माणसाने कोरलेल्या स्वतःच्या नावाची. विद्यापीठीय इतिहासकारांनी या चित्रणाला शास्त्रीय रूप दिले. त्यांचे म्हणणे असे की, नाद असणारे गोळा करतात, प्रश्न विचारत नाहीत. इतिहासकार स्टब्स १८६६ मध्ये ऑक्सफर्डला प्राध्यापक झाला, १८८६ मध्ये ‘इंग्लिश हिस्टॉरिकल रिव्ह्यू’ निघाला, आणि तिथून इतिहासाला पद्धत आली. या म्हणण्यात तथ्य आहे. ‘नोट्स अँड क्वेरीज’चा कुठलाही खंड उघडला तरी उत्तर न मिळालेले आणि उत्तराची फारशी गरजही नसलेले प्रश्न शेकड्यांनी दिसतात.

दुसरी वाट १९५० मध्ये आर्नाल्डो मोमिल्यानो यांच्या निबंधाने मोकळी केली. नाणी, कोरीव लेख, वास्तू यांचा पुरावा आधी नादिष्टांनीच हाताळला आणि ग्रंथांवरचा विश्वास डळमळला तेव्हा इतिहासाला तोच उपयोगी पडला, असे त्यांनी दाखवले. त्यांचा रोख आधीच्या शतकांवर होता. व्हिक्टोरियन काळाचा हिशेब फिलिपा लेव्हाइन यांनी १९८६ मध्ये मांडला. नादिष्ट, इतिहासकार आणि पुरातत्त्वज्ञ एकाच संस्थांतून, एकाच पत्रव्यवहारातून वाढले आणि शतकाच्या उत्तरार्धात पगारी पदे येऊ लागल्यावर वेगळे झाले, असे त्या सांगतात. त्यांच्या मते ‘हौशी’ हा शब्द निंदेचा झाला तो या फाटाफुटीनंतर.

तिसऱ्या वाटेवरचे अभ्यासक पत्रालाच अभ्यासाचा विषय करतात. ॲन सिकॉर्ड यांनी १९९४ मध्ये कारागीर आणि उच्चवर्गीय निसर्गअभ्यासक यांच्यातल्या पत्रांचा शोध घेतला. पत्र कोणी आधी लिहायचे, नमुना पाठवल्यावर परतफेड काय, छापताना नाव कोणाचे, याचे अलिखित नियम होते आणि विणकर-चांभारही ते आपल्या सोयीने वापरून घेत, असे त्यांना आढळले. डार्विनच्या पंधरा हजारांवर पत्रांची ३० खंडांतली आवृत्ती हाती आल्यावर या दृष्टीला मोठे बळ मिळाले. विषय निसर्गाचा असला तरी रीत तीच होती, आणि त्या काळच्या पाद्र्याच्या टेबलावर शिंपला व रोमन नाणे शेजारीच असे.

या तीन वाटा एकमेकींना छेदतात. लेव्हाइन यांची मांडणी संस्थांकडून जाते, सिकॉर्ड यांची माणसांकडून, आणि जुनी मांडणी निष्पत्तीकडून. त्यामुळे वाद पुष्कळदा पुराव्याचा नसून मापाचा असतो.

मुंबईची बाजू

हाच प्रश्न वसाहतीत आला की त्याला आणखी एक धार येते. हॉक्सनच्या जॉन फ्रियरचा नातू बार्टल फ्रियर १८६२ ते १८६७ मुंबईचा गव्हर्नर होता. त्याची मुलगी मेरी हिने दख्खनच्या दौऱ्यात आपल्या आयाबाईकडून कथा ऐकल्या आणि १८६८ मध्ये ‘ओल्ड डेक्कन डेज’ हे पुस्तक छापले. कथा सांगणाऱ्या ॲना लिबेराता डिसूझा या ख्रिस्ती बाईचे नाव तर त्यात आहेच, तिची स्वतःची जीवनकहाणीही तिच्या तोंडून आली आहे. त्या काळच्या मानाने हे विरळाच.

१८७२ च्या जानेवारीत जेम्स बर्जेसने मुंबईहून ‘इंडियन अँटिक्वेरी’ सुरू केले. जिल्ह्याजिल्ह्यांतले अधिकारी, मिशनरी, शास्त्री आणि नव्या कॉलेजांतले पदवीधर त्यात टिपणे, शंका आणि उत्तरे धाडू लागले. पहिल्या दोन वर्षांतच रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी पतंजलीच्या काळाविषयी बर्लिनच्या आल्ब्रेख्ट वेबरशी वाद घातला. महाभाष्यातली यवनांच्या वेढ्याची आणि पुष्यमित्राच्या यज्ञाची उदाहरणे व्याकरणातल्या काळांच्या नियमाशी जोडून त्यांनी पतंजली इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या मध्यावर ठेवला. ही तारीख आजही सर्वसाधारणपणे मानली जाते. रामायणावर होमरची छाया आहे, या वेबरच्याच मताला काशिनाथ त्र्यंबक तेलंगांनी १८७३ मध्ये पुस्तिका लिहून उत्तर दिले. बर्लिनच्या प्राध्यापकाला मुंबईच्या तरुणाने बरोबरीने खोडून काढावे आणि प्राध्यापकाने उत्तर द्यावे, हे नियतकालिकातल्या पत्रव्यवहाराने शक्य केले.

पण सगळ्यांनाच ही बरोबरी मिळाली नाही. जुनागढचे भगवानलाल इंद्रजी १८६० च्या दशकारंभी मुंबईचे वैद्य आणि पुराभ्यासक डॉ. भाऊ दाजी यांच्याकडे आले. लेणी आणि शिलालेख धुंडाळत त्यांनी हिंदुस्थान पालथा घातला, ठसे घेतले, वाचने लावली. भाऊंच्या हयातीत त्यातले पुष्कळसे भाऊंच्या इंग्रजी निबंधांतून पुढे आले. भाऊ १८७४ मध्ये गेले; त्यानंतर भगवानलाल स्वतःच्या नावाने लिहू लागले, मजकूर गुजरातीत करायचे आणि संस्कृतज्ञ ब्यूलरसारखे मित्र तो इंग्रजीत आणायचे. हाथीगुंफा लेखाचे वाचन आणि १८८२ मधले सोपाऱ्याच्या स्तूपाचे उत्खनन ही त्यांची मोठी कामे. लेडन विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली.

या नात्याकडे कसे पाहावे, यावर एकमत नाही. काहींना भाऊ दाजी आश्रयदाते वाटतात. त्यांच्या पैशाविना आणि ग्रंथसंग्रहाविना हे प्रवास घडलेच नसते. काहींच्या मते इंग्रजी येणाऱ्याने इंग्रजी न येणाऱ्याच्या श्रमावर नाव कमावण्याची ही एतद्देशीय आवृत्ती होती. वीरचंद धरमशी यांनी २०१२ मध्ये भगवानलालांचे चरित्र लिहिले तेव्हा त्यांना पहिले भारतीय पुरातत्त्वज्ञ म्हटले. उपिंदर सिंग आणि तपती गुहा-ठाकुरता यांनी २००४ मधल्या आपापल्या ग्रंथांत पंडित, मुन्शी, ठसे घेणारे यांना कथेच्या मध्यभागी आणले, मात्र दोघींचा भर वेगळा आहे. सिंग प्रत्यक्ष शोधकार्याची घडण उलगडतात, गुहा-ठाकुरता संग्रहालये आणि राष्ट्राची कल्पना यांच्याशी त्याचे नाते तपासतात. जिज्ञासा कुठे संपते आणि राज्यकारभारासाठी माहिती गोळा करणे कुठे सुरू होते, याची रेघ दोघींपैकी कोणीच एका जागी ठाम ओढलेली नाही. बर्जेसच्या एकाच अंकात दोन्ही प्रकारचा मजकूर असे, हे पाहता ती ओढणे कठीणच आहे.

अजून न लागलेले हिशेब

सर्वांत मोठी अडचण जतनाची आहे. नामवंताकडे आलेली पत्रे त्याच्या वारसांनी जपली. खेड्यातल्या शाळामास्तराकडे गेलेली उत्तरे त्याच्या घरासोबत गेली. त्यामुळे बहुतेक संवाद एकाच बाजूने ऐकू येतात. मरेच्या वह्यांसारखे घबाड क्वचित हाती लागते, आणि त्यातही पत्ता असतो, मनातले नसते.

दुसरा प्रश्न व्यावसायिकीकरणाचा. पगारी पुरातत्त्वज्ञ आल्यावर हे जाळे तुटले, की नव्या व्यवस्थेने ते आत घेतले? १८८२ मध्ये जॉन लबकच्या खटपटीने प्राचीन स्मारकांच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि पिट-रिव्हर्स पहिला निरीक्षक झाला. लबक बँकवाला, पिट-रिव्हर्स सेनाधिकारी. म्हणजे व्यावसायिक चौकट उभारणारे हातही हौशांचेच होते. शब्दकोशाचे वाचक, परगण्यांची मंडळे आणि टॉम्सचे साप्ताहिक विसाव्या शतकात चालूच राहिले. ‘नोट्स अँड क्वेरीज’ आजही ऑक्सफर्डहून निघते, मात्र आता त्यात लिहिणारे बहुतांशी विद्यापीठांतले असतात.

आणि तिसरा प्रश्न टोपणनावांचा. साप्ताहिकाचे जुने खंड आता संगणकावर शोधता येतात. लेखनशैली, गावांचे उल्लेख आणि तारखा जुळवून आद्याक्षरांमागची माणसे ओळखण्याचे प्रयत्न त्यामुळे सोपे झाले आहेत. एलायझा गच सापडली, कारण तिने पुढे स्वतःच्या नावाने यॉर्कशरच्या लोकपरंपरेवर लिहिले. ज्यांनी एकदाच लिहिले, एखाद्या थडग्यावरचा मजकूर पुसून जाण्याआधी नकलून घेतला आणि खाली दोन अक्षरे टाकली, त्यांचा मजकूर आज छापील पानावर आहे. दगड आणि लेखक दोन्ही राहिलेले नाहीत.